सत्य : जाणण्याचे की आचरण्याचे?

शास्त्रपाठ : निर्गम १७:१२, योहान ३:१९-२१, १८:३७ ते १९:१६

पिलाताने येशूला सत्याविषयी प्रश्न विचारला आणि उत्तरासाठी न थांबता तो बाहेर गेला. तो अज्ञानी होता असे मात्र नाही. आरोपी निर्दोष आहे हे त्याने तीनदा बोलून दाखविले, आणि तरीही त्याला वधस्तंभाच्या स्वाधीन केले. विधान खरे, कृती खोटी. मग पिलाताजवळ सत्य होते असे म्हणावे काय?

१. शब्दांचा अर्थ

आपला ‘सत्य’ हा शब्द ‘सत्’ म्हणजे असणे यावरून आला; जे आहे ते सत्य. इब्री ‘एमेथ’ ज्या धातूपासून झाला, त्याचा आशय स्थिर असणे, विसंबण्याजोगे असणे असा आहे. ‘आमेन’ त्याच धातूचा. मोशेचे थकलेले हात सूर्यास्तापर्यंत स्थिर राहिले, तेथेही त्याच कुळातील शब्द आहे. योहान ३:२१ मधील ग्रीक शब्दरचना तर शब्दशः ‘सत्य करणे’ अशी आहे. मराठीत ती अवघडते, म्हणून तेथे ‘आचरणे’ हे क्रियापद योजावे लागते.

२. एक उदाहरण

मंजुनाथ षण्मुगम यांनी लखनौच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत शिक्षण घेतले. पुढे ते इंडियन ऑइलचे विक्री अधिकारी म्हणून लखीमपूर खीरी जिल्ह्यात काम पाहू लागले. भेसळीवरून बंद करविलेला एक पेट्रोल पंप पुन्हा सुरू झाला, तेव्हा १९ नोव्हेंबर २००५ रोजी ते अचानक तपासणीस गेले. तेथे गोळ्या घालून त्यांचा खून करण्यात आला. वय अवघे २७. सहा जणांची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कायम केली.

३. सत्य आणि नीती

भेसळ कोणी तपासली नसती तरी ती भेसळच होती. सत्य आपल्या आचरणावर अवलंबून नाही. मात्र ते कळल्या क्षणापासून आपण त्याला उत्तरदायी होतो. नीतीचा आरंभ येथेच होतो. पिलात त्या उंबरठ्यावरून मागे फिरला; मंजुनाथ पुढे गेले.

आपणा सर्वांकडून प्राणांचे मोल मागितले जाईलच असे नाही. परंतु मंडळीच्या हिशेबात किंवा जमिनीच्या कागदपत्रांत काही खोटे आहे हे ठाऊक असूनही आपण सभेत गप्प बसतो, तेव्हा प्रार्थनेअखेरचे आपले ‘आमेन’ कशावर उभे असते?

मननासाठी : मला ठाऊक असलेले, पण मी अद्याप न ‘केलेले’ सत्य कोणते?