बाळंतपण : सुईणीने काय करावे, नर्सबाईने काय करावे?

शेतकऱ्याच्या घरी बाळंतपण आले की पूर्वी पहिली हाक सुईणीला जाई. आज तेलंगणात चित्र पालटले आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार येथे शंभरांपैकी ९७ बाळंतपणे दवाखान्यात झाली. मात्र शंभरांपैकी सुमारे ६१ स्त्रियांचे पोट कापावे लागले. एक काळजी मिटली, दुसरी उभी राहिली. अशा वेळी बाळंतपणात कोणाला किती अधिकार असावा, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घेणे अगत्याचे आहे.

१. सुईण : तिचा अनुभव व धीर मोलाचा असतो. परंतु तिला इंजेक्शन देण्याचा अधिकार नाही, आणि त्याला कारण आहे. बाळ जन्मण्याआधी घरी 'कळांचे इंजेक्शन' टोचल्यास गर्भाशय फाटू शकते, बाळ गुदमरू शकते. 'लवकर मोकळी करा' असा आग्रह घरच्यांनीही धरू नये.

२. प्रशिक्षित नर्सबाई : तेच औषध, म्हणजे ऑक्सिटोसिन, बाळ जन्मल्यावर लगेच दिले तर रक्तस्राव आटोक्यात राहतो. केंद्र सरकारच्या २०१० च्या सूचनांनुसार प्रशिक्षित नर्सबाई ते देऊ शकते. बाळंतिणीला आकडी आल्यास मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा देऊन तिने रुग्णालयात पाठवावे, अशीही तरतूद आहे. औषध एकच, वेळ व शिक्षण यांनी ते तारक किंवा मारक ठरते.

३. मिडवाइफ : हैदराबादच्या फर्नांडिस रुग्णालयाने २०११ मध्ये मिडवाइफ घडवण्याचे शिक्षण सुरू केले. २०१७ मध्ये तेलंगण सरकारने या रुग्णालयाच्या व युनिसेफच्या साहाय्याने करीमनगर येथे ३० परिचारिकांना १८ महिन्यांचे शिक्षण देण्यास आरंभ केला. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने देशासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार साधे बाळंतपण मिडवाइफने स्वतःच्या जबाबदारीवर करावे व अवघड वाटल्यास डॉक्टरांना बोलवावे. हे काम मात्र दवाखान्यातले आहे. घरच्या बाळंतपणाचा परवाना त्यातून मिळत नाही.

मग हा अधिकार आणखी वाढवावा काय? शेजारच्या गडचिरोलीचे उदाहरण पाहा. तेथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना शिकवून आरोग्यदूत केले. त्या घरोघरी जाऊन नवजात बाळे तपासत, जंतुसंसर्ग झाल्यास इंजेक्शनही देत. नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. १९९९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे २०११ पासून घरी जाऊन बाळ तपासण्याचे काम देशभर आशांकडे आले.

यातून बोध असा : शिक्षण, नियमित देखरेख आणि वेळेवर वाहन ही तीन असतील तर अधिकार वाढवावा. यांतील एक जरी नसेल, तर कागदावरचा अधिकार बाळंतिणीच्या जिवावर बेतेल.

घरी हे पाळा : नववा महिना लागण्यापूर्वी दवाखाना, वाहन व सोबतीची बाई ठरवून ठेवा. फार रक्त जाणे, आकडी, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी, ताप, वार न पडणे किंवा बाळ न रडणे, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपायांत वेळ दवडू नका; १०८ ला फोन करा. सुईणीलाही सोबत न्या. आईला ओळखीच्या हाताचा आधार तेथेही हवाच असतो.