पोरांच्या ताटातलं अंडं आणि आमदारांना पत्र

मैत्रिणींनो, शाळेत दुपारी मिळणारं जेवण हा आपल्या मुलांचा हक्क आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने तो दिलाय. म्हणून बोलताना भीड नको, पण माहिती हवी.

ठरलेलं माप (एका मुलाला, रोज)
पहिली ते पाचवी : तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम.
सहावी ते आठवी : तांदूळ १५० ग्रॅम, डाळ ३० ग्रॅम, भाजी ७५ ग्रॅम.
हे वजन कच्च्या मालाचं आहे.

कुणाला काय विचारायचं?
वरण पातळ आहे, भाजी दिसत नाही, पाणी स्वच्छ नाही, तर आधी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती. या समितीत पाऊण हिस्सा पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या. तिथे सुटलं नाही, तर पंचायत समितीचे गटशिक्षणाधिकारी.

अंड्याची गोष्ट मात्र वेगळी. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने आठवड्यातून एकदा अंडं, आणि न खाणाऱ्या मुलांना केळं, द्यायचं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी बंद केला आणि लोकवर्गणीतून द्या असं सांगितलं. आता ज्या गावात मजुरीवर चूल पेटते, तिथे वर्गणी कोण देणार? ज्या पोराला अंड्याची जास्त गरज, त्याच्याच शाळेत ते मिळणं अवघड.

यावर स्वयंपाक करणाऱ्या ताईंशी भांडून उपयोग नाही. पुष्कळ गावांत ती आपल्याच गटातली बाई असते आणि पैसे आल्याशिवाय ती अंडं आणणार कुठून? हा निर्णय मुंबईत झाला, तो तिथेच बदलेल. तिथे आपल्या वतीने बोलणारा माणूस म्हणजे आपला आमदार.

पत्र कसं लिहावं?
१. एका पत्रात एकच मागणी. एका पानात संपवा.
२. आपल्या शाळेचा आकडा द्या : मुलं किती, अंडं कधीपासून बंद.
३. ग्रामसंघाचा ठराव आणि सह्या जोडा.
४. अधिवेशनाच्या महिना-दीड महिना आधी द्या. निधी अर्थसंकल्पात ठरतो, म्हणून मार्चच्या अधिवेशनाआधीचं पत्र महत्त्वाचं.
५. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. फाइल गटाकडे ठेवा.

नमुना
“मा. आमदार साहेब/ताई, आमच्या गावच्या शाळेत पहिली ते आठवीची ___ मुलं आहेत. ___ महिन्यापासून त्यांना अंडं/केळं मिळत नाही. लोकवर्गणी जमवणं आम्हाला शक्य नाही. आहारातील अंड्यासाठी पूर्वीप्रमाणे शासनाने निधी द्यावा, असा प्रश्न आपण विधानसभेत मांडावा, ही विनंती. काय उत्तर मिळालं ते आम्हाला कळवावं.”

शेवटचं वाक्य गाळू नका. उत्तर मागितलं की पाठपुरावा करता येतो. आमदार गावात आले की पोच दाखवून विचारा, “साहेब, आमच्या पत्राचं काय झालं?”

पुढच्या बैठकीत करा
दोघी जणींनी शाळेत जाऊन आठवडाभराचा आहार वहीत लिहावा. बैठकीत तो वाचा. कोणती अडचण शाळेत सुटेल आणि कोणती आमदारांकडे न्यायची, ते सगळ्यांनी मिळून ठरवा.