सुंदर कशाला म्हणावे?



चर्चमध्ये नवीन पुतळा बसला, गायकवृंदाने एखादे गीत नव्या चालीवर म्हटले किंवा वेदीमागच्या भिंतीचा रंग बदलला, की मिस्सा संपल्यावर फाटकापाशी दोन मते तयार असतात. एक म्हणतो, ‘‘किती सुंदर!’’ दुसरा म्हणतो, ‘‘जुने होते तेच बरे होते.’’ मग कोणीतरी मध्यस्थी करतो, ‘‘अहो, व्यक्ती तितक्या प्रकृती! ज्याची त्याची आवड.’’ आणि सगळे घरी जातात.

या उत्तराने वाद मिटतो, पण प्रश्न सुटत नाही. एकच वस्तू एकाला सुंदर आणि दुसऱ्याला कुरूप का दिसते? दोघांपैकी कोणी चुकतो का? की सौंदर्य वस्तूत नसतेच, फक्त पाहणाऱ्याच्या मनात असते? आजच्या पाठात आपण या प्रश्नांचा थोडा अभ्यास करू. विषय तत्त्वज्ञानाचा वाटला तरी तो आपल्या घरात आणि चर्चमध्ये रोज उभा असतो.

१. ‘मला आवडते’ आणि ‘हे सुंदर आहे’

एखाद्याला सुक्या बोंबलाची चटणी आवडते, दुसऱ्याला तिचा वासही सहन होत नाही. यावरून कोणी भांडत नाही. ‘तुला आवडत नाही, तर तू खाऊ नकोस’ एवढे म्हणून आपण मोकळे होतो. पण आपल्याला भावलेल्या चित्राला किंवा गाण्याला कोणी टाकाऊ म्हटले, तर आपण गप्प बसत नाही. ‘‘अहो, नीट ऐका तरी!’’ असे म्हणतो.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नेमका हाच फरक दाखवला. ‘मला आवडते’ असे म्हणताना मी फक्त माझ्याविषयी बोलत असतो. ‘हे सुंदर आहे’ असे म्हणताना मात्र दुसऱ्यालाही ते तसे दिसावे अशी माझी अपेक्षा असते. ती गणितासारखी सिद्ध करून देता येत नाही, पण सोडूनही देता येत नाही. म्हणून सौंदर्याविषयी वाद होतात, आणि ते व्हावेत हे चांगलेच आहे. ‘ज्याची त्याची आवड’ असे म्हणणारा शांतता राखतो खरा, पण दुसऱ्याला काय दिसले हे विचारायचे मात्र राहून जाते.

२. एक चित्र आणि त्याच्यापुढचे रुग्ण

आता एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. फ्रान्सच्या अल्सास भागातील कोलमार शहराच्या संग्रहालयात एक जुनी वेदी आहे. जवळच्या आयसेनहाइम गावातील मठासाठी मथियास ग्रूनेवाल्ड या चित्रकाराने १५१२ ते १५१६ या काळात तिची चित्रे रंगवली. वेदीची दारे मिटलेली असताना समोर क्रूसावरचा ख्रिस्त दिसतो. हे चित्र सुमारे पावणेतीन मीटर उंच आहे. आपल्या घरातील क्रूसावर प्रभूचे शरीर सहसा गोरे, रेखीव आणि शांत असते. इथे ते हिरवट पडले आहे. ओठ निळसर आहेत. अंगभर काटे रुतून फोड उठले आहेत. हातांची बोटे वेदनेने वाकडी होऊन आकाशाकडे ताठरली आहेत. पहिल्यांदा पाहणारा माणूस मान फिरवतो.

हे चित्र असे का काढले? तो मठ संत अँथनी यांच्या नावाच्या संघाचा होता. (हे पादुआचे आपले परिचित संत अंतोनी नव्हेत, हे चौथ्या शतकापर्यंत जगलेले इजिप्तचे तपस्वी.) ‘संत अँथनीचा अग्नी’ नावाच्या रोगाने पीडित लोकांची सेवा हे त्या मठवासीयांचे मुख्य कार्य होते. राय या धान्यावर एक बुरशी पडते. आपल्याकडे बाजरीवर पडणारा अरगट रोग याच कुळातला. त्या बुरशीचे पीठ पोटात गेले की अंगाची आग होई, त्वचा काळी पडे, हातपाय सडून गळत. रोगाचे कारण तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. मठवासी रुग्णांना चांगली भाकरी व द्राक्षारस देत, जखमा धूत, गरज पडल्यास अवयव कापत, आणि वेदीपुढे आणून प्रार्थना करीत.

आता त्या रुग्णाच्या डोळ्यांनी ते चित्र पाहा. गावाने हाकललेला, स्वतःच्या अंगाची किळस वाटणारा माणूस मान वर करतो आणि त्याला दिसते की वेदीवरचा देव त्याच्यासारखाच आहे. निरोगी माणूस जिथून नजर वळवतो, तिथे या रुग्णाला आपले घर सापडते. आणि सणाच्या दिवशी ती दारे उघडत. आत पुनरुत्थित प्रभू तेजाच्या वर्तुळात उभा आहे. हातापायांवर खिळ्यांच्या खुणा आहेत, पण एकही फोड नाही. ज्याच्या अंगाची आग होत होती त्याच्यासाठी ती स्वच्छ त्वचा म्हणजे न बोलता दिलेले वचन होते.

चित्र एकच, रंगही तेच. पाहणारा कुठून आला आहे आणि त्याने काय सोसले आहे, त्यावरून दिसणे बदलले.

३. मग कुरूपालाही सुंदर म्हणायचे का?

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात सौंदर्याची तीन लक्षणे सांगितली: पूर्णता, प्रमाणबद्धता आणि तेज. या मापाने पाहिले तर फोडांनी भरलेले शरीर सुंदर ठरणार नाही. पण त्याच ठिकाणी ते एक महत्त्वाची गोष्ट जोडतात. कुरूप वस्तूचेही चित्र जर त्या वस्तूशी पूर्ण प्रामाणिक असेल, तर त्या चित्राला सुंदर म्हणता येते. म्हणजे सौंदर्य गोडपणात नसून सत्याशी जुळण्यात आहे. वेदना लपवणारे गुळगुळीत चित्र डोळ्यांना सुखावते. वेदनेशी खरे राहणारे चित्र माणसाला आधार देते.

पवित्र शास्त्रातही ही दोन टोके आहेत. स्तोत्र ४५ मध्ये राजाला सर्व मानवांत देखणा म्हटले आहे, तर यशया ५३ मधील दुःखी सेवकाला ना रूप आहे ना शोभा. ख्रिस्तसभेने दोन्ही वचने एकाच प्रभूला लावली. संत ऑगस्टीन यांनी यासाठी तुताऱ्यांची उपमा वापरली: दोन तुताऱ्यांचे सूर वेगळे असले, तरी दोघींत फुंकणारा आत्मा एकच. म्हणून एकाला तेजस्वी ख्रिस्त भावतो आणि दुसऱ्याला जखमी, तेव्हा त्यांतला एक खोटा ठरत नाही. मात्र एकानेच सगळा ख्रिस्त पाहिला असेही होत नाही.

४. साडीतील मरियामाता

आता आपल्या जवळचे उदाहरण. अँजेलो द फोन्सेका हे १९०२ साली गोव्यात सांत इस्तेव्ह येथे जन्मलेले कॅथलिक चित्रकार. मुंबईत सुरू केलेले वैद्यकीय शिक्षण सोडून ते चित्रकलेकडे वळले आणि पुढे शांतिनिकेतनात शिकले. तिथे त्यांना आपल्या मातीतील रेषा आणि रंग गवसले. गोव्यात परतल्यावर त्यांनी मरियामाता साडीत, भारतीय आईच्या चेहऱ्याची रंगवली. अनेकांना ते रुचले नाही. ही आमची मारिया नव्हे, असा सूर उमटला. फोन्सेकांना गोवा सोडावा लागला. पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमाने त्यांना आसरा दिला. तो आश्रम कॅथलिकांचा नव्हता, अँग्लिकन बांधवांनी सुरू केलेला होता. तिथेच त्यांनी आयुष्यभर चित्रे काढली. १९६७ साली पुण्यात त्यांचे निधन झाले.

आज आपण सहज म्हणू, ‘‘काय ते अडाणी लोक!’’ पण जरा थांबू या. ज्या मातेपुढे त्या लोकांच्या आजी-पणजीने आजारी लेकरासाठी रडून नवस केले, ती निळ्या झग्यातली, युरोपीय चेहऱ्याची होती. चारशे वर्षांची प्रार्थना त्या रूपाला चिकटली होती. साडीतली मारिया पाहून त्यांना वाटले की आपली आईच कोणी बदलली. त्यांची ओढ खरी होती. उणीव होती ती एकाच गोष्टीची. समोरचा माणूसही त्याच मातेवर प्रेम करतो आणि आपल्या आईच्या वेशात तिला शोधतो, हे त्यांनी विचारून घेतले नाही.

पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविधीविषयीच्या संविधानात स्पष्ट केले की ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून धरलेली नाही. प्रत्येक लोकसमूहाच्या आणि काळाच्या कलेला तिच्यात जागा आहे. फोन्सेकांच्या चित्रांचा मोठा संग्रह पुढे गोव्यातच, पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे आला. चित्रे परतली. चित्रकार मात्र परतला नव्हता. ‘हे कुरूप आहे’ या घाईच्या निकालाची किंमत अशी माणसाला मोजावी लागते.

५. चित्रांपुरतेच नाही

हाच नियम जीवनातही दिसतो. घराची डागडुजी निघाली की जुने सामान अंगणात येते. त्यात एखादी झिजलेली जपमाळ असते. दोन मणी तुटलेले, क्रूसाचा मुलामा उडालेला. नातवाला ती कचरा वाटते. आजोबांना तिच्यात आईची बोटे दिसतात. इथे सुंदर-कुरूप हा प्रश्नच नाही. प्रश्न अर्थाचा आहे. जपमाळेचा अर्थ तिच्या मण्यांत सापडत नाही, तो तिच्यासोबत घालवलेल्या वर्षांत असतो. नातवाने तो आपोआप ओळखावा ही अपेक्षा चुकीची आहे. त्याला कोणीतरी तो सांगावा लागतो. आजोबा नुसतेच रागावले, तर जपमाळ वाचेल, पण अर्थ त्यांच्याबरोबरच जाईल.

आणि माणसांचे काय? अर्धांगवायूने तोंड वाकडे झालेली म्हातारी, भाजल्याच्या खुणा अंगावर असलेली मुलगी, मतिमंद म्हणून मागच्या बाकावर बसवलेला मुलगा यांच्याकडे पाहून आपण नजर वळवतो. आपली नजर वळली हे त्यांना नेमके कळते. आयसेनहाइमच्या रुग्णांनाही ते कळत होते. त्यांच्यासाठी कोणीतरी एक चित्र काढले. आपल्या धर्मग्रामातील या मंडळींसाठी आपण निदान पाहायला तरी शिकले पाहिजे.

पाहणे शिकता येते. डोळे जन्मासोबत मिळतात, नजर मात्र घडवावी लागते. तिला वेळ लागतो, थोडी माहिती लागते आणि दुसऱ्याचे ऐकण्याची तयारी लागते. त्यानंतरही एखादी गोष्ट आपल्याला भावली नाही, तर तसे प्रामाणिकपणे सांगावे. सगळ्यांना सगळे आवडले पाहिजे असा नियम नाही. पण निकाल देण्याआधी एक प्रश्न विचारण्याची सवय लावू या: ‘‘तुला यात काय दिसते?’’ हा प्रश्न मनापासून विचारला, तर चर्चच्या फाटकापाशी होणारे निम्मे वाद संवाद होतील. उरलेले वाद राहोत. त्यांतून आपण एकमेकांना ओळखू लागू.

वाडीतील सभेत चर्चेसाठी

१. आपल्या चर्चमधील कोणती मूर्ती, चित्र किंवा गीत आपल्याला जवळचे वाटते? का? प्रत्येकाने सांगावे; इतरांनी मध्ये न बोलता ऐकावे.

२. जे आपल्याला मुळीच आवडत नाही, अशा एका गोष्टीविषयी ती आवडणाऱ्या व्यक्तीला विचारा. काय नवीन कळले?

३. आपल्या घरात अशी कोणती जुनी वस्तू आहे, जिचा अर्थ मुलांना अजून सांगितलेला नाही? या आठवड्यात तो सांगा.

४. कोणाकडे पाहताना आपली नजर वळते? येत्या रविवारी मिस्सेनंतर त्यांच्याजवळ जाऊन पाच मिनिटे बोला.