सक्तीचे उपचार आणि श्रद्धेचा प्रश्न

दारूच्या नशेत मोटार चालविताना सापडलेल्या मनुष्यास न्यायाधीशाने तुरुंगाऐवजी व्यसनमुक्तीच्या सभांना धाडावे, ही अमेरिकेतील जुनी रीत आहे. 1989 साली मायामी येथे मादक द्रव्यांच्या खटल्यांसाठी स्वतंत्र न्यायालय स्थापन झाले आणि न्यायालयाच्या देखरेखीखालील उपचारांना पद्धतशीर रूप आले. वरवर पाहता यात दयाच आहे. परंतु दयेचा हा हुकूम मनुष्यास कोणत्या दारातून आत नेतो, तेही पाहिले पाहिजे.

अनेकदा ते दार अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या संघटनेचे, किंवा तिच्या धर्तीवरील केंद्राचे असते. 1935 साली ओहायो राज्यातील अॅक्रन येथे सुरू झालेल्या या चळवळीने कित्येकांचे संसार सावरले आहेत. मद्यपान थांबविण्याची इच्छा, एवढीच सभासदत्वाची अट. मात्र 1939 साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या बारा पायऱ्यांपैकी निम्म्या पायऱ्यांत ईश्वराचा अथवा श्रेष्ठ शक्तीचा निर्देश येतो. स्वेच्छेने आलेला मनुष्य त्यातील रुचेल ते घेतो, उरलेले सोडतो. ज्याला हजेरीच्या कागदावर सही घेऊन ती अधिकाऱ्यास दाखवावयाची असते, त्याला ही मोकळीक कोठून असणार?

न्यूयॉर्क राज्यातील एका तुरुंगात कुटुंबीयांसमवेत अधिक काळ राहण्याची सवलत होती. ती मिळविण्यासाठी ईश्वर न मानणाऱ्या एका कैद्यास याच तत्त्वांवरील कार्यक्रमात भाग घेणे भाग पडले. 1996 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही सक्ती घटनाबाह्य ठरविली. हवाई बेटांवरील एका बौद्ध मनुष्याची कथा अधिक कठोर आहे. आपला धार्मिक आक्षेप त्याने आधीच कळविला होता. तरी पॅरोल अधिकाऱ्याने त्यास अशाच केंद्रात पाठविले. त्याने सहभाग नाकारला. पॅरोल रद्द होण्याच्या कारणांत या नकाराचीही गणना झाली. पुढे त्याच्या मृत्यूनंतर वारसाने खटला चालविला आणि 2007 साली संघीय अपील न्यायालयाने निर्णय दिला, की कायदा इतका स्पष्ट असताना त्या अधिकाऱ्यास अज्ञानाचा आडोसा घेता येणार नाही.

येथे वाचकाने एक भेद ध्यानात घ्यावा. या निकालांनी सक्तीचे उपचार निषिद्ध ठरविलेले नाहीत. दुसरा मार्ग न ठेवता एकाच श्रद्धामूलक मार्गाची सक्ती करणे, एवढेच निषिद्ध मानले आहे. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत आढाव्यात, संपूर्ण मद्यत्यागाच्या बाबतीत बारा पायऱ्यांकडे वळविणारे उपचार इतर काही पद्धतींपेक्षा सरस आढळले. तरीही गुण येतो म्हणून प्रार्थना सक्तीची करता येत नाही.

आणि दुसरे मार्ग आहेत. जीन कर्कपॅट्रिक यांनी 1970च्या दशकात स्त्रियांसाठी वेगळी संघटना काढली. 1994 साली आरंभ झालेली स्मार्ट रिकव्हरी विचार व सवयी बदलण्याच्या मानसशास्त्रीय तंत्रांवर उभी आहे. नाल्ट्रेक्सोनसारखी औषधे आहेत. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनासाठी मेथाडोन आहे, ज्याकडे पुष्कळ न्यायाधीश, माझ्या मते अकारण, एका व्यसनाच्या जागी दुसरे अशा नजरेने पाहत आले.

भारतात 1985च्या गुंगीकारक औषधिद्रव्यविषयक अधिनियमाचे कलम 39 न्यायालयास असाच अधिकार देते. सेवनाच्या अथवा अल्प प्रमाणाच्या अपराधात दोषी ठरलेल्या व्यसनी मनुष्यास लगेच कारावास न देता, बंधपत्र घेऊन, शासनाच्या किंवा शासनमान्य संस्थेत उपचारांसाठी सोडता येते. उपचारांच्या परिणामाचा अहवाल त्याने एक वर्षाच्या आत सादर करावयाचा असतो. या कलमात ‘त्याच्या संमतीने’ असे शब्द आहेत. संमती न दिल्यास समोर तुरुंग आहे, हे मात्र संमती देणाऱ्यास ठाऊक असते.