गरुड आधीच का आले नाहीत?

अद्भुत कथेत वाटेल ते घडू शकते. तेथे 'असे का?' हा प्रश्न विचारू नये, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु अशा कथांवर खरे प्रेम करणारे वाचक तसे मानीत नाहीत. ऑक्सफर्ड विद्यापीठातील प्राध्यापक जे. आर. आर. टोल्किन यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी १९५४ व १९५५ या वर्षांत तीन खंडांत प्रसिद्ध झाली. तिच्यातील काही प्रश्नांवर वाचकांचे वाद अद्यापि चालू आहेत.

कथा थोडक्यात अशी : सॉरॉन या दुष्टाने एक जादूची अंगठी घडविली आहे. ज्या ज्वालामुखीत ती घडली, त्याच्याच आगीत ती नष्ट होऊ शकते. आणि तो पर्वत आहे सॉरॉनच्या मॉर्डॉर या मुलखात. फ्रोडो हा ठेंगणा नायक ती घेऊन निघतो आणि अखेरीस सॅम या सोबत्यासह पायी तेथे पोहोचतो. वाटेत तहानभूक आणि विश्वासघात त्यांना सोसावे लागतात. शेवटी अंगठी आगीत पडते आणि प्रचंड गरुड आकाशातून येऊन दोघांना वाचवितात.

येथेच चिकित्सक वाचक विचारतो, "मग आरंभीच गरुडांच्या पाठीवर बसून का गेले नाहीत? एवढे कष्ट वाचले असते!"

दुसरा पक्ष उत्तर देतो, "गरुड म्हणजे कोणाचे घोडे नव्हेत. गँडाल्फ या जादूगाराची मनोऱ्यातून सुटका करताना गरुडराजच सांगतो, की निरोप पोहोचविणे हे आपले काम आहे, ओझी वाहणे नव्हे. शिवाय सारा बेत गुप्ततेवर उभा होता. उघड्या आकाशातून जाणारे गरुड सॉरॉनच्या नजरेतून कसे सुटले असते?"

पहिला पक्ष गप्प बसत नाही. "निघण्यापूर्वी भरलेल्या मोठ्या सभेत गरुडांचा पर्याय कोणी सुचवीतही नाही. निदान तो नाकारण्यासाठी तरी कोणी बोलावयास नको होते काय?" ही शंका बिनतोड आहे.

दुसरा वाद बालरॉग या अग्निमय राक्षसाविषयी आहे. त्याच्याभोवतीची छाया दोन विशाल पंखांसारखी पसरली, असे लेखक प्रथम म्हणतो. ही उपमा झाली. थोड्याच ओळींनंतर मात्र 'सारखी' हा शब्द गळतो आणि त्याचे पंख या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरतात. काही वाचक म्हणतात, "हे आधीच्या उपमेचेच रूपक झाले, पंख खरे नाहीत. असते तर पूल तुटल्यावर तो दरीत का कोसळला?" त्यावर इतर म्हणतात, "शहामृगालाही पंख असतात. तो कोठे उडतो?" एका शब्दाच्या असण्यानसण्याने प्राण्याचे रूप पालटते.

असल्या बारकाव्यांवर वाद घालणे हा रिकामा उद्योग वाटेल. परंतु स्वतः टोल्किन अशा गोष्टी क्षुल्लक मानीत नसत. १९४४ साली लिहिता लिहिता त्यांच्या ध्यानात आले, की कथेतील चंद्राच्या उदयास्तांचा मेळ बसत नाही. तेव्हा तो बसविण्यासाठी त्यांनी लिहिलेला मजकूर बदलला. त्यांच्या १९३७ च्या 'द हॉबिट' या पुस्तकात गॉलम हा प्राणी कोड्यांच्या पैजेत अंगठी बक्षीस म्हणून देण्यास आनंदाने तयार होतो. पुढे त्याच अंगठीला, जिचा मोह सहजी सुटत नाही असे भीषण स्वरूप आले. मग गॉलम ती राजीखुशीने कशी देईल? म्हणून १९५१ च्या आवृत्तीत ते प्रकरण त्यांनी नव्याने लिहिले. गरुडांचा उपयोगही आपण जपूनच केला आहे, असे त्यांनी १९५८ मध्ये कळविले होते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. काल्पनिक जग निर्माण करताना लेखक स्वतंत्र असतो. परंतु एकदा नियम घातले, की तोही त्यांनी बांधला जातो. गरुड हवा तेवढा मोठा करावा. मात्र आज उडणारा गरुड काल का उडाला नाही, याचे कारण कथेत सापडले पाहिजे.

वाचकांवरही एक बंधन येते. 'मला असे वाटते' एवढ्याने भागत नाही. पुस्तकातील वाक्य दाखवावे लागते. गरुडांचा वाद कदाचित कधीच मिटणार नाही. पण त्यासाठी पुस्तक पुन्हा उघडणारा प्रत्येक जण पहिल्यापेक्षा अधिक लक्षपूर्वक वाचतो, हे त्या वादाचे फळ लहान नव्हे.