“माणूस चांगला आहे हो!”

माझ्याकडे सगळे कागद होते, हे आधीच सांगून टाकते. कारण हल्ली जो भेटेल तो मला एकच ऐकवतो, “आधी नीट चौकशी करायची ना!” केली होती. लीव्ह अँड लायसन्सचा करार रीतसर ऑनलाइन नोंदवलेला, अंगठे-फोटो झालेले, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती भरलेली. शिवाय आधार, पॅन, कंपनीचं पत्र, पगाराच्या स्लिपा. माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली. कागद कसा वाचायचा हे मला सोसायटीच्या सेक्रेटरींनी शिकवू नये.

त्यांची स्वतःची चौकशी काय होती, तेही ऐका. फॅमिली आहे ना? व्हेज आहेत ना? आडनाव काय? तिन्ही उत्तरं पसंत पडली आणि एनओसी हातात आली. त्याआधी माझ्या कोथरूडच्या या फ्लॅटमध्ये हॉस्पिटलात नोकरी करणाऱ्या दोन मुली राहत होत्या. एक तारखेला भाडं खात्यावर, ओटा लखलखीत. पण त्या नाइट ड्यूटी करून सकाळी घरी येतात म्हणून कमिटीत चर्चा झडली आणि त्या बिचाऱ्या कंटाळून गेल्या. माझ्याकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस मात्र कमिटी न चुकता घेते. असो.

तर हे गृहस्थ. ‘काकू’शिवाय बोलणं नाही. सकाळी देवाचा फोटो मोबाइलवर. मी राहते सांगलीला, तर दिवाळीला मिठाईचा डबा थेट तिथपर्यंत पाठवला. भाडं आधी पाच तारखेवरून बारावर गेलं, मग वीसवर. कधी पगार अडकला, कधी सासऱ्यांचं ऑपरेशन. आणि मग तो ठेवणीतला निरोप आला, “काकू, या महिन्याचं डिपॉझिटमधून वळतं करून घ्या ना.” पुढच्या महिन्याचंही तेच, त्याच्या पुढच्याही. घरमालकांनो, हे वाक्य ऐकलंत की समजा की माणूस आता डिपॉझिट खाऊन संपवणार आणि मगच तुमच्याशी खरं बोलायला लागणार. माझ्या बाबतीत तो बोलला ते असं, “मुलांच्या परीक्षा होईपर्यंत आम्ही हलू शकत नाही. तुम्हाला काय करायचं ते करा.” ‘काकू’ गळून पडलं होतं.

पण मला चटका बसला तो वेगळाच. त्याचा गावाकडचा पत्ता हवा होता, म्हणून मी त्याच्या आधीच्या घरमालकांना फोन लावला. करार करण्यापूर्वी मी यांच्याशी बोलले होते. तेव्हा त्यांनी ठासून सांगितलं होतं, “माणूस चांगला आहे हो! डोळे मिटून घर द्या.” आता मी नाव घेतल्यावर पलीकडे शांतता. मग म्हणाले, “ताई, खरं सांगू का? तुम्ही फोन केलात तेव्हा तो माझ्याच घरात बसून होता. भाडं बंद, डिपॉझिट संपलेलं. तुम्हाला खरं सांगितलं असतं, तर तो माझ्याकडून हलला असता का?”

हे ते अगदी सहज बोलले, जणू कोणीही हेच केलं असतं. मला त्या भाडेकरूपेक्षा या सद्गृहस्थांचा राग जास्त आहे. त्यांच्यात आणि माझ्यात एका फोनची ओळख होती, म्हणून त्यांनी स्वतःच्या गळ्यातली धोंड माझ्या गळ्यात बांधली.

म्हणून सांगते, भाडेकरू सध्या राहतो त्या घरमालकाचं प्रशस्तिपत्र बिनकामाचं. त्याच्या आधीच्या मालकाला गाठा. त्याचा स्वार्थ संपलेला असतो. त्याचा नंबर भाडेकरूने तोंडी दिलेला घेऊ नका, मित्रालाही मालक म्हणून उभं करता येतं. जुन्या नोंदणीकृत कराराची प्रत मागा, त्यावर मालकाचं नाव-पत्ता असतो. आणि “माणूस कसा आहे?” असं विचारूच नका, उत्तर “चांगला” असंच येतं. विचारा, “जाताना तुम्ही त्याला डिपॉझिट किती परत दिलंत? विजेचं शेवटचं बिल कोणी भरलं?” इथे थाप मारायला माणूस अडखळतो.

पगाराच्या स्लिपेपेक्षा बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट बघा. पगार किती आला यापेक्षा भाडं कोणत्या तारखेला गेलं, गेलं की नाही, ते तिथे दिसतं. पोलिस व्हेरिफिकेशन कराच, पण पोलिसांकडे माणसाच्या उधारीची नोंद नसते. घर देताना घाई करू नये, एजंटच्या गोड बोलण्यावर जाऊ नये, हे तुम्हाला माहीत आहेच. एजंटला काय, त्याची दलाली पहिल्याच दिवशी सुटते.

करार नोंदवलेला होता हे माझं नशीब. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाचीच आहे. नोंदलेला लेखी करार नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं. कलम 24 प्रमाणे मुदत संपल्यावर लायसन्सीने घर सोडायचं असतं. नाही सोडलं तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि ताबा मिळेपर्यंत दुप्पट भाड्याने भरपाई मागता येते. मागता येते, मिळते कधी ते मला विचारू नका. भावाचा सल्ला होता, पाणी-वीज तोडून टाक. वकिलांनी दटावलं, “तसं केलंत तर तक्रार तो करेल आणि खुलासे तुम्ही देत बसाल.” मी ऐकलं. अर्जाची नोटीस लागल्यावर एका रविवारी टेम्पो आला आणि मंडळी गेली. गीझर घेऊन गेली. सेक्रेटरींनी टेम्पोला गेट उघडून दिलं, मला कळवलं दुसऱ्या दिवशी.

आता मी जुना करार आणि स्टेटमेंट मागते. एक जण चिडला, “एवढं तर बँकसुद्धा विचारत नाही.” म्हटलं, विचारते, मीच विचारायचे. तो परत फिरकला नाही. दुसरा एक मुलगा दोन्ही कागद घेऊन आला आणि मलाच म्हणाला, “आधीच्या भाडेकरूला डिपॉझिट कधी परत केलंत, त्याचा पुरावा दाखवाल का?” मला जरा रागच आला. मग त्या दोघी मुलींना पाठवलेल्या पैशांची नोंद पासबुकात काढून दाखवली, आणि घर त्यालाच दिलं. सेक्रेटरींनी अजून एनओसी दिलेली नाही, तो बॅचलर आहे म्हणून.