कर्जत लोकलमधून भाताच्या संशोधनाकडे

‘मुलीला मायक्रोबायोलॉजी आवडतं हो, पण पिकांचं संशोधन? आमची तर गावाकडे शेतीही नाही!’ अंधेरीतले आईबाबा हे सांगतात तेव्हा त्यांच्या आवाजातली धास्ती मला कळते. त्यांना मी आधी कर्जतच्या भात संशोधन केंद्रात जायला सांगतो. दादरला गाडी बदलायची, एवढंच.

भातावरचा कडा करपा हा रोग भारतात प्रथम आढळला तो १९५१ साली, कर्जतच्याच, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यात. झँथोमोनास ओरायझी हा जिवाणू पानाच्या शिरांत शिरतो, कडा पिवळ्या पडून वाळत जातात. युरियाचा मारा जास्त झाला की रोग बळावतो. फवारणीचा फारसा उपयोग होत नाही. खरा आधार रोगाला दाद न देणाऱ्या वाणाचा.

असं वाण कुणा एकट्याच्या हातून होत नाही. आफ्रिकेतल्या माली देशातल्या रानटी भाताची प्रतिकारशक्ती कटकच्या भात संशोधन संस्थेत हेरली गेली. फिलिपिन्समध्ये ती लागवडीच्या भातात उतरवली. तिच्यामागचं एक्सए-२१ जनुक कॅलिफोर्नियात १९९५ साली वेगळं काढलं. पुढे हैदराबादला सीसीएमबी या पेशी आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्राचे जीवशास्त्रज्ञ आणि भात संशोधन संचालनालयाचे पैदासकार एकत्र आले; त्यांनी ते आणखी दोन जनुकांसह सांबा मसुरी या भाताच्या वाणात आणलं. सुधारित सांबा मसुरी २००८ साली प्रसारित झाली. या साखळीत प्रयोगशाळेतल्या माणसाइतकीच चिखलात उभ्या माणसाची गरज होती. तुमच्या मुलीला यातलं काय आवडेल, ते आधी तिलाच विचारा.

कारण वाट बारावीनंतरच फुटते. वनस्पती रोगशास्त्रात एम.एस्सी. (कृषी) करायचं तर साधारणपणे कृषी पदवीच लागते. त्यासाठी एमएचटी-सीईटी देऊन दापोलीसारख्या कृषी विद्यापीठाच्या महाविद्यालयात जावं लागतं. अंधेरीतच राहून मायक्रोबायोलॉजी किंवा बॉटनीत बी.एस्सी. केली तरी दार बंद होत नाही: एम.एस्सी., मग सीएसआयआर-नेट परीक्षा आणि पीएच.डी. ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये. स्थिर नोकरीला मात्र वेळ लागतो, तिशी उजाडू शकते. घरच्यांनी तेवढा धीर धरायला हवा.

पावसाळा सरता सरता कर्जतच्या भात संशोधन केंद्राशी आधी बोलून मुलीला घेऊन जा. करपलेल्या पानाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरायला सांगा. कापल्या टोकातून दुधट धार पाण्यात उतरू लागेल. ते जिवाणू. तेव्हा पाण्याकडे नको, तिच्या चेहऱ्याकडे बघा.